कॉर्न्युबियन बॅथोलिथ

कॉर्न्युबियन बॅथोलिथ हा इंग्लंडच्या नैर्ऋत्य द्वीपकल्पाखाली पसरलेला ग्रॅनाइटाचा विशाल अंतर्वेशी खडकसमूह आहे. डार्टमूर, बॉडमिन मूर, सेंट ऑस्टेल, कार्नमेनेलिस, लँड्स एंड आणि सिली बेटे ही त्याची पृष्ठभागावर उघडी पडलेली प्रमुख ठिकाणे होत. ती एकमेकांपासून विलग दिसत असली, तरी खोलवर परस्परांशी जोडलेली आहेत, हे गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीवरून दिसून आले आहे.

गिरिजनन व शिलारसाची उत्पत्ती

डेव्होनियन व कार्बॉनिफेरस काळांत या भागातील सागरी द्रोणींत चिखल व वाळूचे थर साचले. पुढे व्हॅरिस्कन गिरिजननात खंडांची टक्कर होऊन या थरांना घड्या पडल्या आणि कवच जाड झाले. बॅथोलिथ मात्र ही टक्कर ओसरल्यानंतर तयार झाला. दाब संपून कवच ताणले जाऊ लागले, तेव्हा खालील प्रावरणाची उष्णता वर आली आणि कवचाच्या खालच्या भागातील मूळ गाळाचे, रूपांतरित खडक अंशतः वितळले. त्यामुळेच या ग्रॅनाइटात ॲल्युमिनियमचे प्रमाण अधिक असून मस्कोव्हाइट व तोरमल्ली ही खनिजे आढळतात. त्याच सुमाराच्या लॅम्प्रोफायर भित्ती प्रावरणातील वितळणाची साक्ष देतात.

शिलारस एकाच वेळी वर आला नाही. सुमारे २९.३ ते २७.४ कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घ कालखंडात तो टप्प्याटप्प्याने घुसत गेला. कार्नमेनेलिस येथील ग्रॅनाइट जुना, तर लँड्स एंड येथील तुलनेने तरुण आहे.

खनिजीकरण

शिलारस थिजत असताना बोरॉन, फ्ल्युओरीन व कथिल यांनी समृद्ध असे उष्ण द्रव भेगांमध्ये शिरले. त्यांतून कॅसिटेराइट, वुल्फ्रॅमाइट आणि तांब्याच्या धातुकांच्या शिरा निर्माण झाल्या. त्यांवर आधारलेला खाण उद्योग शतकानुशतके चालला. कथिलाची साउथ क्रॉफ्टी ही खाण १९९८ मध्ये बंद झाली. कॉर्नवॉल व पश्चिम डेव्हनच्या खाणप्रदेशाचा २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

नंतरचे बदल

वरील खडकांचे आवरण झिजून ग्रॅनाइट उघडा पडला. डार्टमूरवरील 'टॉर' या नावाने ओळखले जाणारे खडकांचे उंचवटे सांध्यांच्या अनुरोधाने झालेल्या अपक्षयातून घडले. काही ठिकाणी, विशेषतः सेंट ऑस्टेल येथे, फेल्स्पार या खनिजाचे केओलिनमध्ये रूपांतर झाले. या चिनी मातीच्या आधारे विल्यम कुकवर्दी यांनी पोर्सेलीन तयार करून १७६८ मध्ये एकस्व मिळवले.

हा ग्रॅनाइट आजही सभोवतालच्या खडकांपेक्षा उष्ण आहे. मूळ शिलारसाची उष्णता केव्हाच निघून गेली. आजची उष्णता युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून येते. युनायटेड डाउन्स येथे भूऔष्णिक ऊर्जेसाठी ५ किमीहून अधिक लांबीचे छिद्र खोदण्यात आले आहे. युरेनियमच्या ऱ्हासातूनच रेडॉन वायूही निर्माण होतो. तो घरांत साचल्यास फुप्फुसांच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून या भागातील घरांमध्ये रेडॉनची मोजणी व पुरेसे वायुवीजन यांना महत्त्व आहे.