गोळा खचण्याआधी

मांडी घालून बसताना जांघेत कळ येते, मोटारसायकलवर टांग टाकताना खुबा अडतो. तिशी-चाळिशीतला माणूस आधी कंबर दाखवतो, मग गुडघा. एक्स-रे काढला तर तो बरेचदा स्वच्छ येतो. एमआरआय होतो तेव्हा कळतं की मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्यातला काही भाग मेलेला आहे. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात. गोळ्याला रक्त देणारी मुख्य धमनी हाडाच्या मानेला वळसा घालून वर चढते, आणि ती आटली तर रक्ताला दुसऱ्या वाटा फारच थोड्या.

स्टेरॉइड आणि दारू ही यामागची नेहमीची कारणं. विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेलही. कोविडनंतर मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये असे तीन रुग्ण नोंदवले. त्यांना कोविडच्या उपचारात मिळालेलं स्टेरॉइड सरासरी 758 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकं, म्हणजे धोक्याच्या मानल्या गेलेल्या सुमारे 2000 मिलिग्रॅमहून बरंच कमी होतं. तरीही कोविडच्या निदानानंतर सरासरी 58 दिवसांत खुबा दुखू लागला होता.

एव्हीएनवरचा एक उपचार मुतखड्याच्या दवाखान्यातून आला आहे. फेब्रुवारी 1980 मध्ये म्युनिकला ख्रिस्तियान चौसी यांच्या चमूने शरीराबाहेरून आघातलहरी सोडून रुग्णाचा मुतखडा फोडला. यंत्र होतं डॉर्निअर या विमानं बनवणाऱ्या कंपनीचं. पुढे याच लहरी न जुळणाऱ्या हाडांवर वापरून पाहिल्या गेल्या, आणि तिथून त्या खुब्यापर्यंत आल्या. इथे काहीच फोडायचं नसतं. दाबाचा क्षणिक धक्का पेशींना जाणवतो, त्या नायट्रिक ऑक्साइड आणि नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणारी प्रथिनं तयार करतात. मेलेल्या हाडाच्या सीमेवर रक्त पुन्हा पोचावं, एवढीच अपेक्षा असते.

सर्वांत बोलकी चाचणी तैवानची. काओशुंगच्या चांग गुंग रुग्णालयात वांग चिंग-जेन यांनी 2005 मध्ये ती प्रसिद्ध केली. 23 रुग्णांच्या 29 खुब्यांना भूल देऊन एकाच बैठकीत 6000 धक्के दिले; 25 रुग्णांच्या 28 खुब्यांत हाडाला भोक पाडून दाब कमी केला आणि हाडाचं कलम बसवलं. सुमारे दोन वर्षांनी लहरींच्या गटात 79 टक्के खुबे सुधारले होते, शस्त्रक्रियेच्या गटात 29 टक्के. आठ-नऊ वर्षांनी पाहिलं तेव्हा खुबा बदलण्याची वेळ पहिल्या गटात 24 टक्के खुब्यांवर आली होती, दुसऱ्यात 64 टक्के.

आकडे मोहक आहेत, पण मी त्यांच्याकडे सावधपणेच पाहतो. रुग्ण मोजकेच होते, आणि धक्के न देता नुसतं यंत्र लावलेला गट या तुलनेत नव्हता. शिवाय लहरी खचलेला गोळा पुन्हा गोल करत नाहीत. गोळ्याच्या कवचाखाली चंद्रकोरीसारखी भेग दिसू लागली की हाड कोसळायला लागलेलं असतं. त्यानंतर वेदना थोडी कमी होईलही, पण सांधा वाचवण्याची आशा फार थोडी. म्हणून दुखण्याच्या पहिल्या महिन्यांत एमआरआय होणं मला यंत्राइतकंच महत्त्वाचं वाटतं.

यंत्राबाबत आणखी एक गोष्ट रुग्णाला कुणीतरी नीट सांगायला हवी. फिजिओथेरपीच्या अनेक दवाखान्यांत टाचदुखीसाठी जे ‘शॉकवेव्ह’ वापरतात ते बहुधा रेडियल प्रकारचं असतं. त्याचा जोर त्वचेपाशी सर्वाधिक असतो आणि आत जाताना विरत जातो. खुब्याचा गोळा स्नायूंच्या जाड थराखाली असतो. तिथे लहरी खोलवर एका बिंदूत एकवटणारं फोकस्ड यंत्र लागतं, एक्स-रेच्या पडद्यावर जागा नेमकी ठरवावी लागते आणि जांघेतली मोठी धमनी टाळावी लागते. नंतर काही आठवडे कुबड्या घेऊन त्या पायावरचा भार कमी ठेवायचा असतो.

हा आजार पुष्कळदा दोन्ही खुब्यांत असतो. एका बाजूचा गोळा खचून रुग्ण खुबा बदलायला येतो, तेव्हा दुसरी बाजू अजून दुखतही नसते. दोन्ही खुब्यांचा एमआरआय एकाच वेळी काढला, तर लहरींचा विचार करण्याजोगा खुबा बहुधा तो दुसराच निघतो.