‘अर्रांजार्सी’ : आपलं आपण भागवणं

इटालियन भाषेत ‘अर्रांजारे’ म्हणजे जुळवणे, नीट लावणे. गाण्याच्या संगीत-संयोजनालाही हेच क्रियापद चालते. त्याला ‘सी’ हे निजवाचक सर्वनाम जोडले की ‘अर्रांजार्सी’ होते आणि अर्थ पालटतो : हाताशी असेल त्यात आपले आपण भागवणे. मराठीत सर्वनाम असे क्रियापदाला चिकटत नाही; पण ‘जमवणे’चे ‘जमवून घेणे’ केले की क्रिया कर्त्याकडे वळते, ती छटा या ‘सी’च्या बरीच जवळ जाते.

क्रियापद चालवताना सर्वनाम पुरुषानुसार बदलते व आधी येते : ‘मी अर्रांजो’, ‘ती अर्रांजी’. यातले ‘मी’ आणि ‘ती’ कर्ते नव्हेत. त्यांचा अर्थ अनुक्रमे ‘मला स्वतःला’ आणि ‘तुला स्वतःला’. खरी मेख भूतकाळात आहे. साध्या ‘अर्रांजारे’ला ‘आवेरे’ हे सहायक क्रियापद लागते, तर ‘अर्रांजार्सी’ला ‘एस्सेरे’. त्यामुळे रूप कर्त्याच्या लिंगाप्रमाणे फिरते. पुरुष म्हणतो ‘मी सोनो अर्रांजातो’, स्त्री म्हणते ‘मी सोनो अर्रांजाता’; आपल्या ‘मी गेलो’, ‘मी गेले’सारखेच. आज्ञार्थात मात्र सर्वनाम मागे जाते. ‘अर्रांजाती!’ म्हणजे ‘तुझं तू बघ!’ इथे आघात ‘रां’वर हवा, तो ‘जा’वर गेला तर भूतकाळाचे अनेकवचनी रूप होते.

‘लार्ते दी अर्रांजार्सी’, म्हणजे भागवून नेण्याची कला, हा शब्दप्रयोग विशेषतः नेपल्सशी जोडला जातो. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी होरपळलेल्या या शहरात गरिबांची भूक तळलेल्या पिझ्झाने भागवली. भट्टीची गरज नाही, तेलाची कढई पुरे. पैसेही लगेच द्यायचे नाहीत. आज खा, आठवड्याने द्या. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या ‘लोरो दी नापोली’ या 1954 सालच्या चित्रपटात सोफिया लॉरेनने अशीच पिझ्झावाली रंगवली आहे.

या कलेची दुसरी बाजू तितकी गोड नाही. त्याच वर्षी लुइजी झाम्पा यांनी ‘लार्ते दी अर्रांजार्सी’ याच नावाचा चित्रपट काढला. त्यात आल्बेर्तो सोर्दीचा नायक सत्ता बदलेल तशा निष्ठा बदलत जातो. एकाच क्रियापदात चिकाटीचे कौतुक आणि संधिसाधूपणाची निंदा दोन्ही मावतात. कोणता अर्थ घ्यायचा हे संदर्भच सांगतो.

रोजच्या बोलण्यात या शब्दाचा सूर बहुधा नम्र असतो. ‘इंग्रजी येतं का?’ या प्रश्नाला ‘मी अर्रांजो’ असे उत्तर आले, तर समजावे : कामापुरते येते.