वैनगंगाकाठचा हिरा आणि तिऱ्हाईताची नजर

धानोऱ्याच्या वायव्येला, आरमोरी तालुक्यात वैरागड आहे. आज तिथं लोक जातात ते पडका किल्ला आणि जुनी देवळं बघायला. अबुल फजलनं सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐन-ए-अकबरी’ लिहिली, तेव्हा मात्र या ठिकाणाची दखल घेतली ती इथल्या हिऱ्यांच्या खाणीमुळे. त्याच्याही हजार वर्षं आधी वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त हिरे कुठं कुठं सापडतात ते सांगितलं. कलिंगाचा हिरा पिवळसर, सौराष्ट्राचा तांबूस आणि वेणा नदीच्या काठचा अगदी शुद्ध. ही वेणा म्हणजे आपली वैनगंगा, असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल, तर आपल्या नदीकाठच्या हिऱ्याला दीड हजार वर्षांपूर्वीच पहिल्या प्रतीचा मान मिळाला होता.

हिरा तोलायला वराहमिहिरानं माप घेतलं तांदळाचं. पांढऱ्या मोहरीचे आठ दाणे म्हणजे एक तांदूळ, आणि वीस तांदूळ भरणाऱ्या हिऱ्याचं मोल दोन लाख. वजन निम्म्यावर आलं की मोल निम्म्याहून कितीतरी खाली उतरतं, हेही त्यानं मांडून ठेवलं आहे. आजच्या बाजारातही नियम तोच. एक कॅरटच्या एका हिऱ्याच्या किमतीत अर्ध्या कॅरटचे त्याच प्रतीचे दोनपेक्षा जास्त हिरे येतात, कारण निसर्गात मोठा खडा दुर्मीळ.

धानाच्या मुलखात राहणाऱ्याला हे माप लगेच कळतं, आणि त्यातली खोटही लगेच कळते. कोणत्या धानाचा तांदूळ? सोनाराच्या गुंजेचंही तसंच. लाल अंगाची, काळ्या डोळ्याची ती बी वेलीवरून हातात घेऊन तोलून पाहा, दोन गुंजा सारख्या भरत नाहीत. पश्चिमेत कॅरोबच्या बीवरून ‘कॅरट’ आला, तर तोही शहरागणिक बदलायचा. १९०७ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम असं ठरवलं, तेव्हा कुठं वजनाचा वाद मिटायला लागला.

रंगाचा वाद त्यानंतरही चालू राहिला. व्यापारी ‘रिव्हर’, ‘वेसल्टन’, ‘केप’ असे शब्द वापरत. त्यांतही नदीचं, खाणीचं आणि प्रदेशाचंच नाव. वराहमिहिराची रीतच जणू विसाव्या शतकापर्यंत पोचली होती. शिवाय तो शब्द उच्चारणारा होता स्वतः विकणारा. आठवडी बाजारात मोहफुलं घेऊन जाणाऱ्या बाईला यातला धोका समजावून सांगावा लागत नाही. माप ज्याच्या हातात, भाव त्याचा.

अमेरिकेत रॉबर्ट शिप्ली यांनी १९३१ मध्ये जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजे जीआयए, स्थापन केली. या संस्थेनं १९५३ मध्ये रंगासाठी डी ते झेड अशी अक्षरं आणली. ए, बी, सी मुद्दाम टाळली, कारण ती व्यापाऱ्यांनी आधीच वाटेल तशी वापरून झिजवली होती. डी म्हणजे पूर्ण रंगहीन, झेडकडे जाऊ तसा पिवळेपणा वाढतो. वजन, रंग, निर्मळपणा आणि पैलूंची घडण या चार गोष्टींवर आजही हिऱ्याची प्रत लागते. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया १९७१ मध्ये उभी राहिली. अँटवर्पची आयजीआय आणि जीआयए यांच्या प्रयोगशाळाही पुढं मुंबईत आल्या.

प्रयोगशाळेत हिरा पोचला की मालकाचं नाव मागं राहतं आणि खड्याला फक्त क्रमांक उरतो. मला या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत मोलाची वाटते ती ही पायरी. रंग पाहायला हिरा पालथा ठेवतात, म्हणजे पैलूंचा लखलखाट डोळे दिपवत नाही, आणि प्रत ठरलेल्या नमुना-हिऱ्यांच्या शेजारी ठेवून ताडून पाहतात. निर्मळपणासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग हे सर्वमान्य माप. एकापेक्षा जास्त परीक्षक स्वतंत्रपणे मत देतात. शेवटी अनेक हिऱ्यांच्या कडेवर अहवालाचा क्रमांक लेसरनं कोरतात; नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही.

पण तिऱ्हाईत म्हटल्यानं कोणी तिऱ्हाईत होत नाही. प्रयोगशाळेची फी बहुतेकदा व्यापारीच भरतो. २००५ मध्ये प्रत वाढवून देण्याच्या प्रकरणात जीआयएनं आपले चार कर्मचारी काढून टाकले. २०१४ मध्ये रॅपनेट या व्यापारमंचानं ईजीएल नावाखाली निघणारे अहवाल यादीतून बाद केले, कारण अक्षरं तीच होती पण हात सैल होता. म्हणून ग्राहकानं अक्षराआधी ते कोणी लिहिलं हे पाहावं, आणि क्रमांक त्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा. आणखी एक घोळ लग्नसराईत हमखास होतो. दागिन्यावरचा हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, त्यात बसवलेल्या हिऱ्याबद्दल तो काहीही सांगत नाही.

नकली हिरे जुनेच आहेत. काच, स्फटिक, पुष्कराज यांचे हिरे करणारे कुशल लोक असतात, असा इशारा गरुडपुराणात आहे. ओरखडा काढून, क्षार लावून, सहाणेवर घासून पारख करावी, असंही तिथं सांगितलं आहे. आज या कसोट्या अपुऱ्या पडतात, कारण यंत्रात वाढवलेला हिरा नकली नसतोच. तोही कार्बनच, तितकाच कठीण, उष्णता तितक्याच झपाट्यानं वाहून नेणारा. दुकानातली उष्णता मोजणारी पेनसारखी कसोटीही त्याला हिराच म्हणते. फरक सापडतो नायट्रोजनमध्ये. जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहूनही खोल, प्रचंड उष्णतेत कोट्यवधी वर्षं राहिलेल्या खड्यात नायट्रोजनचे अणू हळूहळू सरकत एकमेकांजवळ येतात आणि त्यांची जुळणी होते. बहुतेक नैसर्गिक हिरे असेच असतात. काही आठवड्यांत वाढवलेल्या खड्याला एवढा वेळच मिळालेला नसतो. अवरक्त किरणांच्या वर्णपटात हे दिसतं, आणि अतिनील प्रकाशात वाढीचे थर वेगळे उमटतात. नायट्रोजन जवळपास नसलेले थोडे नैसर्गिक हिरेही असतात. त्यामुळं असा खडा आला की परीक्षक घाई करत नाहीत, पुढच्या चाचण्यांना पाठवतात.

वैरागडचा एखादा जुना खडा उद्या प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवला, तर त्याचं वजन कॅरटच्या सूक्ष्म अंशापर्यंत कळेल, रंगाचं अक्षर मिळेल, आतला प्रत्येक डाग नकाशावर उतरेल आणि तो पृथ्वीच्या पोटातला आहे की यंत्रातला, हेही सांगता येईल. तो कोणत्या नदीच्या वाळूतून उचलला, हे मात्र नुसत्या खड्यावरून खात्रीनं सांगण्याची रीत अजून विज्ञानाच्या हाती नाही. वराहमिहिरानं ज्या रकान्यात ‘वेणा’ लिहिलं, तो रकाना आजच्या अहवालात कोराच राहील.