ब्राइटनला या, पण ऑगस्टात नको

मुंबई-पुण्याहून लंडनला आलेल्या पाहुण्यांचा फोन ठरावीक वळणानं जातो. आधी प्रकृतीची चौकशी, मग इथल्या हवेबद्दल तक्रार आणि शेवटी मुद्द्याची गोष्ट : 'तुमच्या ब्राइटनला एक दिवस यायचंय. समुद्र बघायला. शनिवारी आलो तर चालेल ना?' महिना बहुधा ऑगस्टचा असतो. मी 'या की, जरूर या' म्हणते आणि फोन ठेवल्यावर जराशी धास्तावते. या गावात राहून मला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. संध्याकाळच्या गाडीत बसताना पाहुणे 'छान आहे हो तुमचं गाव' असं म्हणतात, त्यातला तो 'हो' मला आता नीट ऐकू येतो.

म्हणून एकदा स्पष्टच लिहायचं ठरवलं. गावचा माणूस गावाबद्दल पाहुण्यांसमोर जे बोलत नाही, ते.

पहिली गोष्ट वाळूची. ब्राइटनच्या किनाऱ्याला वाळू नाही. पूर्ण ओहोटीला पाणी खूप आत गेलं की वाळूचा एक ओला पट्टा उघडा पडतो, तेवढाच. बाकी सगळा किनारा गोट्यांचा. बटाट्याएवढे, लिंबाएवढे, करडे-तपकिरी गुळगुळीत गोटे. जुहू-गिरगावच्या सवयीनं चपला काढून हातात घेणारा माणूस दहाव्या पावलाला त्या पुन्हा पायात घालतो. किल्ले बांधायच्या तयारीनं आलेली पोरं गोटे पाण्यात फेकत बसतात. पाणी तर विचारू नका. ऐन ऑगस्टातही ते सतरा-अठरा अंशांच्या फारसं वर जात नाही. साडीचा काठ वर धरून घोटाभर पाण्यात गेलेल्या मावशींच्या तोंडून जो उद्गार निघतो, तो सगळ्या किनाऱ्याला ऐकू जातो.

दुसरी गोष्ट सीगलची. आपल्याकडचे कुरव ते हेच, पण हे अंगानं दुप्पट आणि मनानं निर्ढावलेले. कागदात गुंडाळलेले मासे आणि बटाट्याच्या चिप्स हे इथलं प्रसिद्ध खाणं. ते हातात घेऊन तुम्ही फोटोसाठी उभे राहिलात, की फोटोत तुम्ही असता, चिप्स नसतात. तिसरी गोष्ट गर्दीची आणि पैशाची. उन्हाचा एखादा शनिवार-रविवार आला की लंडन व्हिक्टोरियाहून सुटणाऱ्या गाड्या दादर लोकलच्या वळणावर जातात. स्टेशनातून बाहेर पडलं की रस्ता उतारानं सरळ समुद्राकडे जातो आणि सगळा लोंढा त्या उतारावरून वाहत जातो. गाडी लावायला जागा नसते आणि मिळाली तर तिच्या भाड्यात जेवण झालं असतं. त्याच रस्त्यावर बंद दुकानांच्या पायऱ्यांवर पथाऱ्या पसरून झोपलेली माणसंही दिसतात. इथली घरभाडी सामान्य पगारदाराला पेलेनाशी झाली आहेत. पोस्टकार्डावर हे नसतं, म्हणून सांगितलं.

आणि चौथी, कबुलीची गोष्ट : अशा दिवशी आम्ही गावकरी समुद्रावर जातच नाही. घरात बसतो किंवा मागच्या टेकड्यांवर फिरायला जातो.

यात तक्रार करण्याचा अधिकार मात्र आम्हाला नाही. कारण हे गाव उभं राहिलं तेच बाहेरच्यांना समुद्र विकून. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे मासेमारांचं पडतं खेडं होतं. १७५० साली डॉक्टर रिचर्ड रसेल यांनी समुद्राचं पाणी गाठींच्या विकारांवर कसं गुणकारी आहे यावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. नुसतं त्या पाण्यात डुंबायचं नाही, तर ते प्यायचंसुद्धा! श्रीमंत रोग्यांची रीघ लागली. १७८३ साली राजपुत्र जॉर्ज आला. त्याला गाव आवडलं आणि पुढे जॉन नॅश या वास्तुशिल्पीनं १८१५पासून त्याच्यासाठी जो महाल उभारला, तो म्हणजे आजचं रॉयल पॅव्हिलियन. बाहेरून मोगली घुमट आणि मिनार, आत चिनी ड्रॅगन. पहिल्यांदा पाहणारा भारतीय माणूस थबकतो आणि मग त्याला हसू येतं. आपल्याच घरातली पितळी भांडी कुणीतरी दिवाणखान्यात भलत्याच क्रमानं मांडून ठेवावीत, तसं काहीसं ते दिसतं.

त्याच सुमाराला आपल्याकडचाही एक माणूस इथं येऊन हा धंदा शिकला. १७५९ साली पाटण्यात जन्मलेला साके दीन महोमेद १८१४ साली ब्राइटनला आला आणि त्यानं समुद्रकाठी वाफेचं स्नानगृह काढलं. तेल लावून अंग चोळून देण्याच्या आपल्या चंपीला त्यानं इथं औषधोपचाराची प्रतिष्ठा दिली. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन्ही राजांचा तो 'शॅम्पूइंग सर्जन' होता. १८४१ साली रेल्वे आली आणि राजेरजवाड्यांमागून लंडनचे कामगार येऊ लागले. व्हिक्टोरिया राणीला ती वर्दळ सोसेना. १८५०मध्ये महाल गावाला विकला गेला. मग समुद्रात लांबवर गेलेले लोखंडी पूल, म्हणजे पिअर, उभे राहिले. वेस्ट पिअर १८६६ साली आणि पॅलेस पिअर १८९९ साली. मधल्या काळात, १८८३ मध्ये, माग्नुस फोल्कनं किनाऱ्यालगत विजेवरची छोटी रेल्वे सुरू केली. ती आजही धावते. सांगायचं ते इतकंच, की जत्रा इथं काल आलेली नाही. पावणेतीनशे वर्षांची आहे. पण जत्रेत दुकानं दिसतात, देऊळ दिसत नाही.

हे मला कळायला मात्र अप्पांना यावं लागलं.

अप्पा म्हणजे माझे वडील. रत्नागिरीला शाळेत शिक्षक होते. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांची भाषणं आजोबांनी ऐकलेली, त्यामुळे आमच्या घरात सावरकरांची कविता देव्हाऱ्याइतकीच रोजची. २००६च्या ऑगस्टात अप्पा पहिल्यांदा आणि एकदाच इंग्लंडला आले. त्यांना ना राणीचा वाडा पाहायचा होता, ना तो लंडनचा पूल. त्यांना ब्राइटनचा समुद्र पाहायचा होता, कारण सागराला उद्देशून लिहिलेली ती कविता, पुढे हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीमुळे घराघरात पोचलेली, इथल्या किनाऱ्यावर १९०९ साली लिहिली गेली.

मी त्यांना नेलं ते ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेच्या सोमवारी. मला सुट्टी त्याच दिवशी होती. पॅलेस पिअरवर फिरवलं. कानठळ्या बसवणारी यंत्रं, फिरते घोडे, साखरेच्या पाकाचा वास. चिप्स खायला घातल्या. पॅव्हिलियन बाहेरून दाखवलं. मग गोट्यांवर एक भाड्याची खुर्ची मिळवून त्यांना बसवलं. डाव्या बाजूला बिअरचे डबे घेऊन बसलेली तरुण मंडळी, उजव्या बाजूला मोठ्यानं लावलेला रेडिओ. अप्पा बराच वेळ समोर पाहत होते. मग म्हणाले, "अगं, इथं समुद्र दिसतच नाही. माणसंच दिसतात."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ती कविता थंडीतली ना? थंडीत कसा असतो गं हा?"

खरं सांगायचं तर मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं राहून मी हिवाळ्यात किनाऱ्यावर मुद्दाम कधी गेलेच नव्हते. मी म्हटलं, "पुढच्या वेळी थंडीत या अप्पा, मग बघू." पुढची वेळ आली नाही. आधी गुडघे, मग हृदय. २००९ साली ते गेले. रत्नागिरीहून दिवसकार्य आटोपून परत आले, त्या डिसेंबरात एका दुपारी मी एकटीच समुद्रावर गेले.

थंडीतलं ब्राइटन हे निराळंच गाव आहे. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, खुर्च्या आत गेलेल्या. किनारा दक्षिणेला तोंड करून असल्यानं हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला पाण्यालगत उगवतो आणि चारच्या सुमाराला नैर्ऋत्येला पाण्यालगतच मावळतो. दिवस कसा सगळा समुद्राच्या ओंजळीत. वारा नैर्ऋत्येचा, डोळ्यांतून पाणी काढणारा. लाट येते ती आदळून, पण ऐकावी ती परत जाताना. हजारो गोटे एकमेकांवर घासत पाण्यामागून ओढले जातात. कोणीतरी दाताखाली हुंदका दाबावा, तसा तो आवाज असतो. रत्नागिरीचा समुद्र गाजतो. हा खरखरतो. उन्हाळ्यात रेडिओखाली तो ऐकूच येत नाही.

वेस्ट पिअर १९७५ साली बंद झाला. २००३ मध्ये दोनदा जळला. आता त्याचा नुसता लोखंडी सांगाडा पाण्यात उभा आहे. पॅलेस पिअरच्या बाजूला सूर्य कलताना स्टार्लिंग पक्ष्यांचे थवे येतात. आपल्याकडे ज्वारीच्या शेतावर उतरणाऱ्या भोरड्यांचे हे चुलतभाऊ. पूर्वीच्या मानानं आता ते कमी झाले आहेत, तरी आकाशात काळं कापड कुणी झटकावं तसा तो थवा पसरतो, गोळा होतो आणि एका क्षणी पिअरखाली नाहीसा होतो. बघायला तिकीट नाही. बहुतेक वेळा आम्ही पाचपंचवीस माणसं असतो.

त्या दुपारी मला ती कविता पहिल्यांदा कळली. १९०९ हे साल आठवा. जूनमध्ये थोरले बंधू बाबाराव यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झालेली. जुलैत मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या आणि १७ ऑगस्टला ते फासावर गेले. सावरकरांना लंडनमध्ये राहायला खोली मिळणं कठीण झालेलं. अशा अवस्थेत, सव्वीस वर्षांचा तो तरुण इथं येऊन या गोट्यांवर बसला. सोबत बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव निरंजन पाल होते, पुढे 'अछूत कन्या'ची पटकथा लिहिणारे तेच. ती आठवण त्यांनीच सांगितली आहे. मग तीन-चार महिन्यांत, १३ मार्च १९१० रोजी, पॅरिसहून परतताना सावरकरांना अटक झाली ती व्हिक्टोरिया स्टेशनवर. ब्राइटनची गाडी सुटते तेच व्हिक्टोरिया. पाहुणे विचारतात, 'नेमकी कुठली जागा?' मी म्हणते, थंडीत या, कुठंही बसा.

आणखी एक गोष्ट मला अप्पा गेल्यावर समजली. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१४पासून, त्या मोगली घुमटांच्या महालात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या भारतीय सैनिकांचं रुग्णालय होतं. जातीधर्माचा विटाळ नको म्हणून नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं. राजा आपल्या शिपायांना महालात ठेवतो, हे जगाला दाखवायला पोस्टकार्डंही छापली गेली. त्या वर्षभरात ब्राइटनमध्ये मरण पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन गावामागच्या टेकडीवर, पॅचमजवळ झालं आणि त्यांची रक्षा याच समुद्रात सोडली गेली. दहनाच्या जागी हेन्रिक्स नावाच्या तरुण भारतीय वास्तुशिल्पीच्या आराखड्यानुसार पांढरी संगमरवरी छत्री बांधली, तिचं अनावरण १ फेब्रुवारी १९२१ रोजी झालं. त्या ५३ जणांची नावं मात्र तिथं दगडावर कोरली गेली २०१० साली. अप्पा गेले त्याच्या पुढच्या वर्षी.

म्हणजे पाहा, १९०९ साली एका माणसानं ज्या समुद्राला मायदेशी नेण्याची विनवणी केली, त्याच समुद्रात पाचच वर्षांनी ५३ घरच्या माणसांची राख सोडली गेली. त्यांना त्यानं नेलं की नाही, कोण सांगणार? अप्पांना मी त्या सोमवारी चिप्स खायला घातल्या आणि टेकडीकडे पाठ करून बसवलं. तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा पाहुणेमंडळी, तुम्ही उन्हाळ्यात आलात तरी दार उघडं आहे. मुलं असतील तर त्यांना पिअर आवडेल, फोल्कच्या छोट्या रेल्वेत तीही बसतील आणि तुम्हीही. मुलांच्या सुट्ट्या शाळा ठरवते, आपण नाही, हे मला समजतं. पण एकच दिवस असेल आणि निवड तुमच्या हाती असेल, तर डिसेंबर-जानेवारीतला एखादा साधा मंगळवार धरा. सकाळी पॅव्हिलियन आतून पाहा. दुपारी टेकडी चढून छत्रीला जाऊ. तिथवर गाडी जात नाही, चालावं लागतं, चिखल असतो, तेव्हा बूट जाड तळव्याचे आणा. तीनच्या आत खाली समुद्रावर येऊ. दोन स्वेटर आणि कानटोपी असू द्या. चहाचा थर्मास मी घेईन.

भरतीची वेळ विचारायला मात्र आदल्या दिवशी फोन करा. पाणी गोट्यांवर असताना यायला हवं. नाही तर तो आवाज ऐकू येत नाही.