गुलाबाचे औषधी उपयोग : निघंटूतील शतपत्री आणि घरगुती गुलकंद

बीजसंज्ञा : शतपत्री, तरुणी, ग्राही, सारक, गुलकंद, गुलाबजल

प्रस्तावना :
उन्हाळ्यात महाराष्ट्रातील अनेक घरांत उष्णता बाधू नये म्हणून गुलकंद दिला जातो. शौचास साफ व्हावे यासाठीही तोच दिला जातो. परंतु भावमिश्रांच्या भावप्रकाश निघंटूत (16 वे शतक) शतपत्री 'ग्राही', म्हणजे मल बांधून ठेवणारी, सांगितली आहे. एकच फूल सारक आणि ग्राही कसे असू शकेल ? या प्रश्नाच्या आधारे गुलाबाच्या औषधी उपयोगांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नाम आणि ओळख :
फारसीत 'गुल' म्हणजे फूल व 'आब' म्हणजे पाणी. मूळ 'गुलाब' म्हणजे गुलाबजल. भारतीय भाषांत हे नाव फुलालाच चिकटले. 'गुलकंद' शब्दातील 'कंद' म्हणजे साखर. निघंटूत शतपत्री, तरुणी, कर्णिका, चारुकेशरा अशी नावे येतात. 'शतपत्र' हा शब्द प्राचीन वाङ्मयात कमळासाठीही येत असल्याने, केवळ नामसाम्यावरून प्राचीन संहितांत गुलाब शोधणे सयुक्तिक ठरत नाही. औषधात प्रामुख्याने रोझा सेंटिफोलिया व रोझा डॅमास्सेना या सुगंधी जाती वापरल्या जातात.

गुणधर्म :
भावप्रकाशानुसार शतपत्री शीत, लघु, हृद्य, वर्ण्य व पाचनी असून त्रिदोष आणि रक्तदोष शमविणारी आहे. म्हणूनच दाह, मुखपाक, पित्ताधिक्य अशा तक्रारींत तिची योजना केली जाते. रासायनिकदृष्ट्या पाकळ्यांत टॅनिन, रंगद्रव्ये व सुगंधी तेल असते. तेलात सिट्रोनेलॉल व जिरॅनिऑल हे प्रमुख घटक असतात. फिनाइल इथाइल अल्कोहोल पाण्यात विरघळत असल्याने ते गुलाबजलात अधिक उतरते. एक किलो तेलासाठी साधारणपणे 3000 ते 4000 किलो फुले लागतात. यावरून स्वस्त 'गुलाबतेला'ची शुद्धता सहज ताडता येईल.

ग्राही की सारक ? :
टॅनिन हे स्तंभक द्रव्य आहे. ग्राही गुणाची संगती त्याच्याशी लावता येते. युनानी परंपरा ताज्या पाकळ्या सौम्य सारक, तर सुक्या पाकळ्या स्तंभक मानते. म्हणजेच द्रव्याची अवस्था बदलली की अपेक्षित कार्यही बदलते. शिवाय गुलकंदात खडीसाखर पाकळ्यांइतकी किंवा दुप्पट असते व तो बहुधा कोमट दुधाबरोबर घेतला जातो. अशा वेळी दिसणारा परिणाम एकट्या फुलाचा मानता येत नाही. तरुणीकुसुमाकर चूर्णाच्या नावात गुलाब असला, तरी त्याच्या रेचक कार्याचा मुख्य भार सोनामुखीवर असतो. तात्पर्य, निघंटूकार द्रव्याचा गुण सांगतो, तर व्यवहारात आपण कल्पाचा अनुभव घेतो. या दोहोंत गल्लत झाल्यामुळेच विरोधाचा आभास निर्माण होतो.

वापरातील दक्षता :
तळेगावसारख्या ठिकाणी हरितगृहांत पिकणारा लांब दांड्याचा गुलाब सजावटीसाठी असतो. अशा फुलांवर कीटकनाशकांची फवारणी होत असल्याने फुलवाल्याकडील पाकळ्यांचा गुलकंद करू नये. फवारणीविरहित, सुगंधी गावठी गुलाब पहाटे तोडलेला उत्तम. ऊन चढले की सुगंध उडतो. मधुमेही व्यक्तींनी गुलकंद हे औषध नसून मुख्यतः साखर आहे, याचे भान ठेवावे. बाजारातील गुलाबजल निर्जंतुक असेलच असे नाही. ते डोळ्यांत घालणे टाळावे.

निष्कर्ष :
प्रयोगशाळेत गुलाबाच्या अर्काचे जीवाणूरोधक गुण आढळले असले, तरी मानवी चाचण्या बहुतांशी लहान प्रमाणावरच्या आहेत. त्यामुळे गुलाबाकडे सौम्य, सहायक द्रव्य म्हणून पाहणे उचित ठरते. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, संस्कृत व मराठी या विभागांनी एकत्र येऊन नाम, जाती आणि कल्प यांची सांगड घातल्यास अशा अनेक घरगुती औषधांचे यथार्थ मूल्यमापन होऊ शकेल.