मुंबई पाहावी कशी आणि जेवावें कोठें?

सुट्टी जवळ आली म्हणजे पुष्कळ घरीं मुंबईचा विषय निघतो. मुलें म्हणतात, "आम्हांस एकदां मुंबई दाखवा", आणि वडीलधारी मंडळी खिसा चांचपून म्हणतात, "पुढच्या वर्षीं पाहूं." मुंबई पाहावयाची म्हणजे पैशाची पिशवी रिकामी करावयाची, असा आपल्याकडे समज आहे. हा समज अर्धाच खरा आहे. मुंबईंत राहावयास जागा महाग, हें निर्विवाद. परंतु तेथें हिंडणें व जेवणें हीं दोन्ही अजूनही माफक खर्चांत होतात, आणि त्याचें कारण त्या शहराच्या इतिहासांतच आहे. हें शहर गिरणीकामगार, गोदींतील हमाल, कारकून व फेरीवाले यांच्या श्रमांवर उभें राहिलें. त्यांस दूरवरून कामावर यावें लागे आणि दुपारीं घरापासून लांब जेवावें लागे. म्हणून स्वस्त आगगाडी आणि स्वस्त खाणें या दोन सोयी मुंबईनें स्वतःच्या गरजेपोटीं निर्माण केल्या. प्रवाशानें याच सोयींचा आश्रय केला म्हणजे त्याचा खर्च वांचतो, आणि खरी मुंबईही त्याच्या दृष्टीस पडते.

प्रथम वाहनांविषयीं. हिंदुस्थानांतील उतारूंची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं याच शहरांतील बोरीबंदराहून ठाण्यास गेली. आज पश्चिम, मध्य व हार्बर या तीन मुख्य मार्गांवर लोकल गाड्या पहांटेपासून मध्यरात्रीपर्यंत धांवत असतात. पश्चिम मार्ग चर्चगेटास आणि दुसरे दोन छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसास संपतात. पश्चिम व मध्य हे मार्ग दादरास एकमेकांजवळ येतात. म्हणून उतरावयास दादराच्या आसपास जागा मिळाल्यास सर्व ठिकाणीं जाणें सोपें पडतें. धीमी गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते, जलद गाडी मधलीं स्टेशनें सोडते. हें फलकावर पाहूनच चढावें. तिकीट दुसऱ्या वर्गाचें असतां घाईंत पहिल्या वर्गाच्या डब्यांत शिरूं नये, दंड होतो. सकाळीं आठ ते अकरा दक्षिणेकडे जाणाऱ्या व संध्याकाळीं पांच ते नऊ उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांस इतकी गर्दी असते कीं, लहान मुलें घेऊन त्यांत शिरणें धोक्याचें आहे. रविवारीं ही गर्दी कमी असते. मात्र त्या दिवशीं दुरुस्तीसाठीं कांहीं मार्ग पुष्कळ तास बंद ठेवितात व त्यास 'मेगाब्लॉक' म्हणतात. त्याची सूचना आदल्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत पाहावी. आजोबांच्या गोष्टींतील ट्राम १९६४ सालीं बंद झाली; दुमजली बस मात्र आतां विजेवर चालणाऱ्या नव्या रूपांत आढळते. तिच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली, तर थोड्या पैशांत शहर पाहण्याचा आनंद लाभतो.

पहिला दिवस कोट विभागास द्यावा, आणि तो पायींच पाहावा. आरंभ छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसापासून करावा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या शिल्पज्ञानें रचलेली ही इमारत १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत पुरी झाली, आणि २००४ सालीं जागतिक वारसास्थळांत तिची गणना झाली. रोज लाखों लोक तिच्यांतून धांवत जातात. पण प्रवाशानें समोरच्या पदपथावर पांच मिनिटें उभें राहून मान वर करावी. दरवाजाच्या खांबांवर एका बाजूस सिंह व दुसऱ्या बाजूस वाघ आहे. सिंह इंग्लंडचें व वाघ हिंदुस्थानचें प्रतीक होय. भिंतींवरील पक्षी, प्राणी व पानें-फुलें यांच्या कोरीव कामांत मुंबईच्याच जे. जे. कलाशाळेंतील विद्यार्थ्यांचा हात आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

तेथून दक्षिणेस चालत गेल्यास सेंट थॉमस कॅथीड्रल लागतें. हें मंदिर १७१८ सालीं उपासनेसाठीं उघडलें. त्या काळीं मुंबईच्या कोटास तीन दरवाजे होते. या चर्चकडे नेणाऱ्या दरवाजास चर्चगेट म्हणत. कोट व दरवाजा दोन्ही गेले, पण स्टेशनाच्या रूपानें नांव मात्र राहिलें. शहरांतील जुने मैलांचे दगडही याच चर्चपासून मोजलेले असत. जवळच १८३३ सालीं पूर्ण झालेला टाउन हॉल आहे. त्यांत एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय आहे. त्याच्या रुंद पायऱ्यांवर क्षणभर विसावा घ्यावा. त्यास कांहीं पडत नाहीं. मग पश्चिमेस ओव्हल मैदानावर जावें. मैदानाच्या पूर्वेस हायकोर्ट आणि विद्यापीठाचा राजाबाई मनोरा या टोंकदार कमानींच्या गॉथिक इमारती आहेत. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून १८७८ सालीं पुऱ्या झालेल्या या मनोऱ्यास त्यांच्या आईचें नांव आहे. मैदानाच्या पश्चिमेस पहा, तों गोल कोपऱ्यांच्या सज्जांचीं, १९३० नंतरच्या 'आर्ट डेको' पद्धतीचीं घरें दिसतात. ही बाजू समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीच्या योगें वसली. एकाच मैदानाच्या दोन कांठांवर दोन युगें समोरासमोर उभीं आहेत. या समूहासही २०१८ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला.

येथवर येतां येतां भूक लागते. कोट विभागांत कचेऱ्यांतील लोक जेथें जेवतात, तेथेंच जेवावें. दुपारीं ज्या ठिकाणीं कारकून मंडळी रांग लावून उभी असतात, तेथील अन्न ताजें असतें, कारण तें शिळें होण्यास अवकाशच मिळत नाहीं. मात्र त्यांच्या सुट्टीच्या वेळीं जागा अडवूं नये. साडेबाराच्या आधीं किंवा दोननंतर जावें. उडुपी उपाहारगृहांतील 'राइस प्लेट' हें पोटभर जेवण होय. हलकें खाणें हवें असल्यास इराण्याचें हॉटेल शोधावें. इराणांतून आलेल्या लोकांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हीं चहाचीं दुकानें रस्त्यांच्या कोपऱ्यांवर काढिलीं. आतां तीं थोडींच उरलीं आहेत. धोबी तलावाजवळचें १९०४ सालचें कयानी हें त्यांपैकीं एक. पातळ लोणी लावलेला बन-मस्का किंवा कडक ब्रून पाव चहांत बुडवून खावा. अकरा ते बाराच्या सुमारास चर्चगेट स्टेशनाबाहेर गेल्यास डबेवाले भराभर डबे वाटून घेतांना दिसतात. सुमारें १८९० पासून चालत आलेली ही व्यवस्था डब्यावरील खुणांच्या बळावर चालते. त्यांच्या वाटेंत न येतां दुरून पाहावें.

मुंबईचा सर्वांत प्रसिद्ध व स्वस्त पदार्थ वडा-पाव. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनीं तो प्रथम विकला, असें सांगतात. विद्यार्थ्यांनीं तो खातांना थोडा इतिहासही चाखावा. पाव आणि बटाटा हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आपल्या भाषेंत आले. बटाटा व मिरची तर मूळच्या अमेरिकेच्या. बेसनाचें आवरण तेवढें आपलें! पाव-भाजीही रात्रपाळीच्या गिरणीकामगारांसाठीं झटपट पोट भरणारें अन्न म्हणून जन्मास आली, असें मानितात. गिरण्या गेल्या, पण त्यांच्या भोंग्याबरोबर जन्मलेलें खाणें राहिलें.

दुपारीं छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहावें. १९०५ सालीं पायाभरणी झालेली व १९२२ सालीं लोकांस खुली झालेली ही इमारत जॉर्ज विटेट यांची. जवळचें गेटवे ऑफ इंडियाही त्यांनींच रचिलें. राजाच्या १९११ सालच्या आगमनाचें स्मारक म्हणून बांधलेली ही कमान १९२४ सालीं पुरी झाली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी याच कमानींतून निघून गेली. स्वागतासाठीं बांधलेलें द्वार निरोपाच्या कामीं आलें! संध्याकाळीं गिरगांव चौपाटीवर वाळूंत बसावें आणि भेळ खावी. वेळ उरल्यास गांवदेवींतील मणिभवन पाहून मग तेथें जावें. १९१७ ते १९३४ या काळांत महात्मा गांधी मुंबईस आले म्हणजे तेथें उतरत.

दुसऱ्या दिवशीं लेण्यांपैकीं एक ठिकाण निवडावें. घारापुरीस गेटवेहून लाँचनें सुमारें तासाभरांत पोंचतां येतें. तेथील त्रिमुखी सदाशिवाची मूर्ति सुमारें तीन पुरुष उंच आहे. कान्हेरीस बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतून जावें. तेथें शंभराहून अधिक बौद्ध लेणीं आहेत, आणि पावसाचें पाणी सांठविण्यासाठीं भिक्षूंनीं खडकांत खोदलेले पाट व टांकीं आजही दिसतात. दोन्ही ठिकाणीं सोमवारीं सुट्टी असते. पंधरा वर्षांखालील मुलांस लेण्यांचें तिकीट पडत नाहीं. लाँचचें भाडें कुटुंबास जड वाटल्यास भायखळ्याच्या राणीच्या बागेंत जावें. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनीं घारापुरीस 'एलिफंटा' हें नांव दिलें, तो हत्ती तेथील भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत आणून ठेविला आहे. हें संग्रहालय व बाग बुधवारीं बंद असतात.

परततांना माटुंगा किंवा दादर येथें उतरून जेवावें. माटुंगा स्टेशनाजवळ १९४२ पासून चालणाऱ्या रामा नायक यांच्या खाणावळींत केळीच्या पानावर दक्षिणी जेवण मिळतें. दादरच्या मराठी उपाहारगृहांत थालीपीठ, मिसळ, साबूदाणावडा व पीयूष मिळतें. आईवडिलांस विशेष सांगणें हें कीं, पाण्याची बाटली घरून भरून न्यावी. डोळ्यांदेखत तळलेलें वा वाफवलेलें गरम अन्न घ्यावें. कापून ठेवलेलीं फळें, बर्फाचें सरबत व पावसाळ्यांतील उघडी चटणी टाळावी. फिरतीवर आजारी पडलें म्हणजे वांचविलेला पैसा औषधांत जातो.

शेवटीं एक गोष्ट. स्वस्त ताटापाठीमागें कोणाचे तरी पुष्कळ कष्ट असतात. पाववाल्याची भट्टी आपण निजलेले असतां पेटते. दक्षिण कानडांतून आलेलीं कित्येक मुलें एके काळीं दिवसा उडुपी हॉटेलांत कपबशा विसळीत आणि रात्रीच्या शाळेंत जाऊन शिकत. तेव्हां वाढणाऱ्या माणसाशीं गोड बोलावें, पानांत कांहीं टाकूं नये, ज्याचा दिवस दोन-चार रुपयांच्या नफ्यावर चालतो त्याच्याशीं घासाघीस करूं नये, आणि जेवण झाल्यावर बांक लौकर मोकळा करावा. ज्या कुटुंबास यंदा फार खर्च झेपत नाहीं, त्यानेंही मुंबईची भेट पुढच्या वर्षावर ढकलूं नये. मुलांच्या हातीं एक लहानशी वही द्यावी. तींत एका बाजूस खर्च व दुसऱ्या बाजूस पाहिलेलें लिहावयास सांगावें. वरील रीतीनें दोन दिवस हिंडल्यास पहिली बाजू आंखूड व दुसरी लांब होईल, असा आमचा विश्वास आहे.