वाईतला ऑथेल्लो, मुंबईतला मॅकबेथ

गुन्हेगारी टोळ्यांच्या जगावर बेतलेल्या हिंदी चित्रपटांत, ज्यांना सर्रास गँगस्टरपट म्हटले जाते, विशाल भारद्वाज यांच्या ‘मकबूल’ आणि ‘ओंकारा’ या दोन चित्रपटांचे स्थान निराळे आहे, कारण त्यांची कथानके वर्तमानपत्रातील बातम्यांतून किंवा पोलिसांच्या दप्तरातून न येता शेक्सपिअरच्या शोकांतिकांतून आली आहेत. ‘मॅकबेथ’वर आधारलेला ‘मकबूल’ २००३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि जानेवारी २००४ मध्ये भारतात प्रदर्शित झाला. ‘ऑथेल्लो’वर आधारलेला ‘ओंकारा’ २८ जुलै २००६ रोजी आला. पहिला मुंबईच्या गुन्हेगारी विश्वात घडतो. दुसरा कथेपुरता पश्चिम उत्तर प्रदेशात घडत असला, तरी त्याच्या चित्रीकरणाचा बराच भाग सातारा जिल्ह्यातील वाईच्या परिसरात पार पडला. कृष्णेचे घाट, जुने वाडे आणि उघडेबोडके डोंगर यांमुळे हा परिसर पडद्यावर उत्तर हिंदुस्थानातले कोणतेही गाव होऊ शकतो. प्रकाश झा यांच्या ‘गंगाजल’मधले बिहारही इथलेच.

वाईला ऑथेल्लो आला तो मात्र एका अर्थाने आपल्या जुन्या वाटेनेच आला. सांगलीजवळच्या हरिपूर येथे, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर, १८५५ मध्ये जन्मलेल्या गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ हे मराठी रूपांतर १८९० मध्ये केले. भाषांतरात मूळ पात्रे व स्थळे तशीच राहतात आणि केवळ भाषा बदलते. रूपांतरात नावे, गाव, चालीरीती, नात्यांतली बोलण्याची पद्धत असे सारेच बदलते आणि तरीही मूळ कथेचा कणा मोडू द्यायचा नसतो. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर यांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ हे नाटक १८८३ मध्ये लिहिले, तर शिवराम महादेव परांजपे यांनी ‘मॅकबेथ’चा ‘मानाजीराव’ केला. ही तिन्ही नाटके गाजवली ती शाहूनगरवासी नाटक मंडळीने आणि तिचे प्रमुख नट गणपतराव जोशी यांनी. शाहूनगर म्हणजे सातारा, आणि ही मंडळी गद्य नाटके करणारी, म्हणजे गाण्यांच्या आधाराशिवाय केवळ अभिनय व संवाद यांवर प्रयोग उभा करणारी होती. भारद्वाज यांनी पुढे २०१४ मध्ये ‘हॅम्लेट’वरून ‘हैदर’ केला आणि मॅकबेथ, ऑथेल्लो, हॅम्लेट ही त्यांची त्रयी पूर्ण झाली. साताऱ्याच्या मंडळीने शंभर वर्षांपूर्वी रंगभूमीवर आणलेल्या शोकांतिकांत नेमक्या याच तीन होत्या. हा योगायोग असला तरी लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण भारद्वाज यांनी जे केले ते देवलांच्याच अर्थाने रूपांतर आहे.

‘मकबूल’मध्ये राजाच्या जागी जहांगीर खान ऊर्फ अब्बाजी हा टोळीप्रमुख आहे, मॅकबेथच्या जागी त्याने मुलासारखा वाढवलेला मकबूल, आणि लेडी मॅकबेथच्या जागी निम्मी. मूळ नाटकात ती मॅकबेथची पत्नी आहे, तर चित्रपटात अब्बाजीने ठेवलेली स्त्री. या एका बदलाने अब्बाजीचा खून महत्त्वाकांक्षेपुरता न राहता प्रेमापोटी केलेला, आणि जवळजवळ पितृहत्या ठरणारा, असा गुन्हा होतो. त्याहून मोठा बदल मॅकबेथला भविष्य सांगणाऱ्या चेटकिणींचा आहे. त्यांच्या जागी पंडित आणि पुरोहित हे दोन भ्रष्ट पोलीस अधिकारी येतात, जे पत्रिका मांडून भविष्य सांगतात. चित्रपटाच्या आरंभीच पावसाळी रात्री पोलिसांच्या गाडीच्या दमट काचेवर पंडित बोटाने मुंबईची कुंडली काढतो, आणि थोड्याच वेळात त्याच काचेवर रक्त उडते. हे दोघे भविष्य नुसते सांगत नाहीत, ते घडवूनही आणतात. कोणत्याही एका टोळीचे पारडे जड होऊ नये म्हणून ते कधी एकाला उचलतात, कधी दुसऱ्याला बुडवतात. नियती आकाशातून न येता शासनाच्या गणवेशातून यावी, ही कल्पना मूळ नाटकात नाही. ती पूर्णपणे भारद्वाज आणि सहलेखक अब्बास टायरवाला यांची आहे, आणि या चित्रपटाचे मोल मुख्यतः तिच्यात आहे. मूळ नाटकात चालून येणाऱ्या अरण्याच्या जागी दाराशी येणारा समुद्र ही युक्तीही मुंबईला शोभणारी आहे. अब्बाजीची भूमिका करणारे पंकज कपूर यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जड शरीर, मंद चाल आणि जवळजवळ पुटपुटल्यासारखा आवाज एवढ्यांवर त्यांनी जी दहशत उभी केली आहे, ती हिंदी पडद्यावर फार थोड्यांना साधली आहे.

‘ओंकारा’त नियतीचे काम उरत नाही, एक अपशकुन येतो आणि जातो, पण त्यावर कथा उभी नाही. ओंकारा शुक्ल हा भाईसाब नावाच्या पुढाऱ्याचा बाहुबली आहे. बाहुबली म्हणजे निवडणुकीत मतदार, विरोधक आणि मतपेट्या यांचा दांडगाईने ‘बंदोबस्त’ करणारा माणूस. ओंकारा स्वतः उमेदवार होतो तेव्हा रिकामे झालेले बाहुबलीचे पद शिकलेल्या केसूला देतो, आणि वर्षानुवर्षे सोबत असलेला लंगडा त्यागी डावलला जातो. ऑथेल्लोच्या काळ्या वर्णाच्या जागी येथे जात आली आहे, कारण ओंकाराची आई खालच्या मानलेल्या जातीची आहे, आणि हळद लागलेली डॉली वकील बापाच्या घरातून पळून त्याच्याकडे येते. जी मुलगी बापाची झाली नाही ती तुझी काय होणार, अशा अर्थाचे बोल बाप ओंकाराला सुनावतो, आणि संशयाचे बी तिथेच पडते. त्यागी त्याला पुढे फक्त पाणी घालत राहतो. संशयाचा पुरावा ठरणाऱ्या मूळच्या रुमालाच्या जागी येणारा घराण्याचा कमरपट्टा ही निवड अचूक आहे, कारण रुमाल हरवू शकतो, पण सासरचा दागिना हरवणे म्हणजे आपल्याकडे सुनेची अब्रूच वेशीवर टांगणे.

दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले की भेद स्पष्ट होतो. ‘मकबूल’मधली टोळी हे एक कुटुंब आहे, म्हणून तिथला गुन्हा घराच्या आत, पलंगावर घडतो आणि नंतर निम्मी भिंतीवरचे न दिसणारे रक्त पुसत बसते, ‘ओंकारा’तली टोळी राजकारणाचे एक अंग आहे, तिचा व्यवहार उघड्या माळावर चालतो, पण तिची किंमत शेवटी घरातल्या बायकांना मोजावी लागते. बांधणीच्या दृष्टीने ‘मकबूल’ अधिक घट्ट आहे. ‘ओंकारा’त गाणी कथेला कधी कधी रेंगाळत ठेवतात, आणि केसूचा धागा पुरेसा पिकलेला वाटत नाही. तरीही शेवटाच्या बाबतीत दुसरा चित्रपट पहिल्याच्याच नव्हे, तर मूळ नाटकाच्याही पुढे जातो. शेक्सपिअरच्या नाटकात इयागोची पत्नी एमिलिया सत्य बोलते आणि नवऱ्याच्या हातून मरते, इयागो मात्र पडदा पडेपर्यंत जिवंत राहतो. ‘ओंकारा’त त्यागीची बायको इंदू, जिने गंमत म्हणून तो कमरपट्टा उचलला होता, कोयत्याने त्यागीचा गळा चिरते. कोंकणा सेन शर्मा यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आत, झोपाळ्यावर डॉलीचे प्रेत आहे, खाली जमिनीवर ओंकारा पडला आहे, आणि झोपाळा कुरकुरत हलतो आहे. या दृश्यात एकही स्पष्टीकरण नाही, आणि गरजही नाही.

देवलांची ओळख आज बहुतेकांना ‘शारदा’ या नाटकापुरती उरली आहे. सांगली-साताऱ्याच्या ज्या वाचकांनी ‘ओंकारा’ पाहिला आहे, त्यांनी ‘झुंझारराव’ मिळवून एकदा वाचावे, आणि शक्य असेल तर शेवटचा अंक मोठ्याने वाचावा, कारण ते नाटक गाण्यांसाठी नव्हे, बोलण्यासाठी लिहिलेले आहे.